आधी वास, मग मत

प्रधान मॅडमनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. त्यांनी माझ्या नाकाखाली स्टीलची एक डबी धरली आणि म्हणाल्या, "वास घे."

मी घाबरून घेतला.

"कसा आहे?"

"चांगला आहे, मॅडम."

"चांगली नोकरी असते, चांगलं स्थळ असतं. वास चांगला नसतो. वास कसला तरी असतो. कसला आहे?"

मी पुन्हा नाक लावलं. माझं आजोळ खडवलीला. तिथं नदीकाठी खणलं की जसा वास येतो, तसा काहीसा वाटला. मी चाचरत तसं सांगितलं.

"हां! हे झालं मत. आधी वास, मग मत. जा, आता खुर्च्या लाव."

डबीत त्यांच्या सोसायटीतल्या भाजीच्या सालांचं खत होतं.

कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे तास भरायचे म्हणून मी पालिकेच्या कार्यशाळांना मदतनीस म्हणून जायला लागले. खुर्च्या मांडायच्या, बॅनर बांधायचा, सह्यांचा कागद फिरवायचा. बॅनरवर 'शाश्वत शहर आणि लोकसहभाग' असं काहीतरी लिहिलेलं असे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. असले शब्द मी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्यायचे आणि अर्थ कुणाला विचारायचे नाही. मॅडमनी ते पान एकदा पाहिलं.

"शाश्वत अडलंय होय? तुझी आई एक सिलिंडर किती पुरवते?"

"सव्वा महिना. कधी दीड."

"मग तिला विचार. भाषणालाही तिलाच बोलवायला हवं. आणि हे काय लिहिलंयस, भागधारक? ज्याच्या घरी साल निघते तो भागधारक. संपलं. पुढचा शब्द?"

मॅडम डोंबिवलीतल्याच एका सुगंधी द्रव्यांच्या कंपनीतून निवृत्त झाल्या होत्या. साबण, उदबत्त्या, तेलं यांत घालायचे वास तिथं बनत. तीस वर्षं त्यांचं काम एकच. कागदाची पट्टी बाटलीत बुडवायची, नाकाशी धरायची आणि माल जाऊ दे किंवा थांबव असं सांगायचं. कंपनीत त्यांना सगळे 'नाक' म्हणत. "आज नाक रजेवर आहे, माल उद्या जाईल," असं मॅनेजर फोनवर सांगायचे म्हणे. लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलं की मॅडम म्हणायच्या, "विडी ओढणारा निघाला असता, तर माझी नोकरी गेली असती ना!"

ठाणे, कल्याण, डोंबिवली, कुठेही कचऱ्यावर, पाण्यावर, झाडांवर कार्यशाळा असली की मॅडम हजर. पहिल्या रांगेत बसायच्या आणि वक्त्यांची पंचाईत करायच्या. एकदा एका तज्ज्ञांनी पडद्यावर काळ्याभोर खताचा फोटो दाखवला. मॅडम उठल्या. "फोटो सुंदर आहे. वास?"

तज्ज्ञ हसले. "मॅडम, फोटोला वास कसा असेल?"

"म्हणूनच म्हणते, फोटो घरी ठेवा आणि खत आणा. माणूस कचरा डोळ्यांमुळे टाळत नाही, नाकामुळे टाळतो. एकदा वास घेतला की भीती जाते." आणि डबी रांगेतून फिरायला लागली. नको नको म्हणणारे लोकसुद्धा वास घ्यायचे, कारण शेजारच्याने घेतलेला असायचा. प्रत्येकाला त्या विचारायच्या, "कसला?" कोणी म्हणे तळघराचा, कोणी म्हणे चहाच्या चोथ्याचा. एक आजोबा म्हणाले, "आमच्या शाळेच्या दप्तराचा." मॅडम प्रत्येक उत्तर डोळे मिटून ऐकायच्या, कोणी गाणं म्हणत असल्यासारखं.

लोकांनी आपल्या सोसायटीतला खताचा खड्डा दाखवायला नेलं, तरी रीत तीच. आधी समोरच्याला वाकायला लावायचं.

"आंबट येतोय, काकू."

"म्हणजे ओलं जास्त झालं. सुका पाला घाला. तुम्हाला हो?"

"सडक्या अंड्यासारखा."

"हवा जात नाही. ढवळता का? नाही ढवळत. खरं सांगा."

"नाही ढवळत."

"काठी आणा."

मग स्वतः हात घालून खत गरम आहे का ते बघायच्या, मूठ दाबून किती पाणी निघतं ते बघायच्या. त्यांचं निदान चुकलेलं मी पाहिलं नाही. मी माझ्या कॉलेजच्या अहवालात लिहिलं, 'मॅडम सहभागी पद्धतीने शिकवतात.' सरांनी त्याखाली रेघ मारून 'छान' लिहिलं होतं.

फक्त एकदा घोटाळा झाला. ठाण्याला खोपटजवळच्या एका हॉलमध्ये कार्यशाळा होती. मॅडमकडे एकसारखे दोन डबे होते. एकात खत, दुसऱ्यात जेवणासाठी सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची खिचडी. पुढे बसलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्यांच्या हातात त्यांनी ऐटीत डबा दिला. साहेब पक्के शाकाहारी. त्यांनी झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि डबा हातभर लांब धरला. मग अतिशय सभ्यपणे म्हणाले, "प्रक्रिया अजून चालू आहे, असं वाटतं."

मागून कोणीतरी ओरडलं, "साहेब, त्यात बटाटा दिसतोय!"

हॉल हसून हसून खाली पडायचा बाकी होता. सगळ्यांत मोठ्याने मॅडम हसल्या. "बरोबर आहे साहेबांचं! उरलेली प्रक्रिया माझ्या पोटात व्हायची आहे." मलाही तेव्हा हसूच आलं. झाकण बंद असलं तरी सोडे लपत नाहीत, मग मॅडमना हातात घेताना कसं कळलं नाही, हा विचार माझ्या मनात आलाच नाही.

यानंतर त्यांच्या सोसायटीत अडचण आली. मानपाडा रस्त्याला लागून त्यांची तीन विंगांची सोसायटी. मागच्या कोपऱ्यातला खताचा खड्डा मॅडमनी पाच वर्षं सांभाळला होता. आता काही लोकांना तिथं स्कूटरचं पार्किंग हवं होतं. 'डास होतात, वास येतो,' असा अर्ज आला. सर्वसाधारण सभेत मतदान ठरलं. मॅडमनी एकच मागितलं, की सभेच्या आधीच्या रविवारी पालिकेची कार्यशाळा त्या खड्ड्यापाशीच होऊ दे. लोकांनी यावं, वास घ्यावा, मग मत द्यावं.

"हरलात तर?" मी विचारलं.

"तर स्कूटरी लागतील." त्या खत चाळत होत्या. चाळणी जरा जोरात हलली. "सकाळी उठून खाली यायला माझ्याकडे हा खड्डाच आहे गं. बाकी वर चार भिंती."

त्या रविवारी मी बॅनर घेऊन फाटकातून आत शिरले आणि थबकले. फिनेल! शाळेच्या मुतारीत सुट्टीनंतर येतो तसा, डोळ्यांत पाणी आणणारा वास. खड्ड्याकडे जावं तसा तो वाढत होता. मला वाटलं, मॅडम आता कोणाला तरी फाडून खाणार. पण मॅडम खड्ड्याला अगदी लागून उभ्या. इस्त्रीची सुती साडी, हातात माइक, आनंदात खुर्च्या सरळ करत होत्या.

"आलीस? बॅनर तिकडे बांध. आज हवा किती छान आहे ना!"

मला काही कळेना.

पन्नासेक माणसं जमली. पालिकेचे दोन अधिकारी आले. मॅडमनी मूठभर खत उचललं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. "आहाहा. शेताच्या बांधावर बसल्यासारखं वाटतं की नाही?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग बी विंगमधला एक माणूस म्हणाला, "काकू, कुठल्या बांधावर? दवाखान्याच्या?"

लोक हसले. मॅडमही अर्धवट हसल्या. मग त्यांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे. परीक्षेत पेपर हातात आल्यावर आम्ही एकमेकींकडे बघतो, तशा त्या बघत होत्या. तेव्हा मला कळलं.

चारचौघांत बोलायची मला सवय नाही. मी फक्त जवळ गेले आणि कुजबुजले, "मॅडम, फिनेल ओतलंय कोणीतरी. खूप वास येतोय. तुम्हाला येत नाही का?"

माइक चालू होता. माझी कुजबुज तिन्ही विंगांनी ऐकली.

अजूनही ते आठवलं की माझे कान गरम होतात. मॅडम क्षणभर माइककडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो तोंडाशी धरला.

"नाही येत. करोनात गेला. सगळ्यांचा परत आला, माझा नाही आला. डॉक्टर झाले, औषधं झाली. मी कोणाला बोलले नाही, कारण मला दुसरं काही येतच नव्हतं." त्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. "बरं. फिनेल कोणी ओतलं?"

पहिल्या रांगेतून सेक्रेटरी गद्रे काकांनी वर्गात करावा तसा हात वर केला. "मी. म्हणजे मी वॉचमनला सांगितलं. पालिकेचे साहेब येणार, वास यायला नको म्हणून... दोन बाटल्या. काकू, मी खड्ड्याच्या बाजूनेच आहे हो!"

"गद्रे, तुम्ही बाजूने असताना ही अवस्था. विरोधात असता तर काय केलं असतंत?"

आता हसू वेगळं होतं. मॅडमनी पदर खोचला.

"ऐका. फिनेल वरून खाली उतरतं. ज्या थरापर्यंत वास येतोय तिथपर्यंतचं खत काढून टाकायचं. खालची गांडुळं जिवंत असतील. पण कुठपर्यंत उतरलंय ते मला सांगता येणार नाही, ते तुम्ही सांगायचं. आणि पुढे काय करायचं ते तुम्हाला माहीत नाही, ते मी सांगेन. इतकी वर्षं ह्या कार्यशाळांमध्ये लोकसहभाग, लोकसहभाग ऐकतेय. चला, करू या. नाकं घेऊन पुढे या."

गद्रे काका चप्पल काढून सर्वांत आधी खाली वाकले. मग बी विंगमधला तो दवाखानावाला. एकेक फावडं माती बाहेर येत होती, त्यावर माणसं डोकी खुपसत होती आणि ओरडत होती, "आहे, अजून आहे!" "कमी झाला!" "मला नाही येत." "तुला सर्दी आहे, तू बाजूला हो!" पालिकेच्या एका साहेबांनी बाह्या दुमडल्या. हातभर खाली गेल्यावर गद्रे काका गुडघ्यांवर बसून म्हणाले, "काकू, गेला. आता... आता कसा सांगू... आमच्या आजीच्या माजघरासारखा आहे."

मॅडमनी डोळे मिटले. "अजून सांगा," म्हणाल्या.

सभेत खड्डा राहिला. दवाखानावाल्यानेही बाजूने मत दिलं. स्कूटरी आता पाण्याच्या टाकीपाशी लागतात आणि खत ढवळायच्या पाळ्या भिंतीवर लिहिलेल्या आहेत.

सभेनंतर मी माफी मागायला मॅडमच्या घरी गेले. स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी होती. गॅसच्या बटनाशेजारी मोठ्या अक्षरांत 'बंद केला?' असं लिहिलेलं. मी म्हणाले, "मॅडम, माइक चालू आहे हे मला..."

"बरं झालं चालू होता. दोन वर्षांहून जास्त आहाहा करत होते मी. दमले होते गं." त्यांनी एका डब्यावरची चिठ्ठी नखाने सरळ केली. मग पहिल्यांदाच मला त्या विचारताना अवघडलेल्या दिसल्या. "उद्या सकाळी कॉलेज किती वाजता असतं तुझं? नाही, अभ्यास असेल तर राहू दे. मासळी बाजारात जायचं होतं. ताजा मासा घेतला नाही मी वास गेल्यापासून. नाकाशिवाय काय घेणार? आणि कोणाला चला म्हणायचं, तर का ते सांगावं लागलं असतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. टोपलीमागच्या कोळणीने मॅडमना लांबूनच पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"कुठं व्हतीस गो बाय? मना वाटला, डोंबिवली सोरून गेलीस!"

"इथेच होते. पापलेट दाखव. पण आधी ही वास घेणार."

"आता पोरीला घेऊन आयलीस माझी मासली हुंगाला?" असं म्हणत तिने एक पापलेट माझ्या तोंडासमोर धरलं. मी मनापासून वास घेतला. पाण्याचा होता, मिठाचा होता. मी तसं सांगितलं.

"घेऊ?" मॅडमनी मला विचारलं.

"घ्या."

त्यांनी दोन घेतली, चांगली तळहाताएवढी. मी म्हणाले, "मॅडम, एकटीला एवढं?"

"एकटीला कशाला? चव कशी झालीय ते सांगायला कोणीतरी नको का?" आणि पिशवी माझ्या हातात देऊन त्या कोथिंबीर बघायला पुढे गेल्या.