पाठीमागचा पॉइंट

मधुकर सहस्रबुद्धे यांनी डोंबिवलीतल्या आपल्या घराचं रिनोव्हेशन काढलं, ते फरशी फुटली म्हणून नव्हे की नळ गळतो म्हणून नव्हे. फरशी फुटकी होती, नळही गळत होता, आणि त्या दोघांसह सहस्रबुद्धे पतिपत्नींचं वर्षानुवर्षं सुखात चाललं होतं. भिंती फोडल्या त्या नेटसाठी, आणि नेट हवं होतं ते सुश्रुतसाठी.

सुश्रुत त्यांचा एकुलता एक मुलगा, बंगळुरूला नोकरीला. घरी ये म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "येतो ना, बाबा. पण माझ्या खोलीत नेटच येत नाही. मीटिंगमध्ये आवाज तुटतो." मागच्या खेपेला तो आठवडाभर आला आणि रोज लॅपटॉप घेऊन माजिवड्याला मित्राच्या ऑफिसात जाऊन बसला. हेमाबाईंची थालीपिठं त्याने रोज संध्याकाळी गार झाल्यावर खाल्ली. तो गेल्यावर त्या कितीतरी दिवस कामापुरतंच बोलत होत्या. त्यांना मुलाची आठवण यायची आणि मधुकररावांनाही यायची, पण दोघंही ती एकमेकांना दाखवत नसत.

मधुकरराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म वायरी ओढण्यात गेलेला. त्यांनी खडूने भिंतींवरच नकाशा काढला. हॉलच्या दारावर मुख्य डबा, तिथून भिंतीच्या आतून एक वायर सुश्रुतच्या खोलीत आणि दुसरी स्वयंपाकघरात.

"स्वयंपाकघरात कशाला?" हेमाबाईंनी विचारलं. "मी काय नेटवर पोळ्या भाजणारे?"

"असू दे गं. एकदा भिंत बुजली की परत फोडता येत नाही."

इलेक्ट्रिशियन सहदेवने भिंती खोदून वायरी टाकल्या, पॉइंटच्या जागी डब्या बसवल्या. आता मधुकररावांचा खात्यातला जुना नियम होता, भिंत बुजण्याआधी तिचा फोटो काढायचा, म्हणजे वायर कुठे आहे ते जन्मभर कळतं. त्यांनी फोन उघडला, तेवढ्यात हेमाबाई म्हणाल्या, "सुश्रुतला पाठवताय ना? मग दोन मिनिटं थांबा." त्या आंब्याच्या रंगाची साडी नेसून आल्या आणि मुलाच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे मिटले म्हणून फोटो पुन्हा काढला, पदर सरकला म्हणून आणखी एकदा. बायकोला बाजूला हो म्हणायची सवय मधुकररावांना लग्नापासूनच नव्हती. स्वयंपाकघरातल्या फोटोच्या वेळी मात्र बाल्कनीत हलवलेल्या गॅसवर दूध उतू गेलं आणि त्या तिकडे धावल्या. तो फोटो नुसत्या भिंतीचा आला.

सहदेव भाचीच्या हळदीला खडवलीला गेला. तो परतेपर्यंत प्लास्टर झालं, लांबी भरून झाली, रंगही झाला. भिंत आरशासारखी गुळगुळीत.

"काका, माझ्या डब्या कुठायत?" सहदेवने विचारलं.

"आत. प्लास्टरवाल्याने बुजवल्या. पण घाबरू नकोस, फोटो आहेत."

सहदेवने फोटो पाहिले, बोटाने मोठे केले. "काका, यात मावशीच आहेत फक्त."

स्वयंपाकघरातली डबी पहिल्याच घावात सापडली. सुश्रुतच्या खोलीसाठी वेगळा उपाय करावा लागला. हेमाबाईंना तीच साडी नेसवून भिंतीशी उभं केलं. मधुकरराव फोटो बघून सूचना देऊ लागले. "थोडी डावीकडे. मान वर. अगं, तेव्हा हसत होतीस तू."

"आता हसू येत नाहीये. इथेच होते बहुतेक."

तेवढ्यात सुश्रुतचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, आईला... भिंतीला का..." एवढं बोलून तो तोंड उघडं ठेवून पडद्यावर थिजला.

सहदेवने हेमाबाईंच्या खांद्यापाशी खूण केली आणि फोडलं. तिथे नुसती वीट निघाली. त्या हातभर सरकल्या, पुन्हा वीट. तिसऱ्या भोकानंतर सहदेवने छिन्नी खाली ठेवली. "काका, अजून फोडलं तर डायरेक्ट शेजारी शिवरामकाकांच्या घरात निघू."

भोकं बुजवली आणि दोन दिवसांनी सुश्रुत महिनाभरासाठी आला. येताना त्याने आईचा तो आंब्याच्या रंगाच्या साडीतला फोटो मोठा करून, फ्रेम करून आणला. "आई, तुझा असा फोटोच नव्हता माझ्याकडे," तो म्हणाला. हेमाबाईंनी फ्रेम पदराने पुसली. ती स्वच्छच होती.

पहिल्या दिवशी तो हॉलमध्ये मुख्य डब्याला वायर जोडून बसला. नवं घर बघायला शिवरामभाऊ आले, थेट मीटिंगमध्ये डोकावले आणि म्हणाले, "हे तुझे साहेब का? तुझ्या लग्नाचं बघताय का म्हणावं त्यांना?" दुसऱ्या दिवशी मधुकररावांनी हॉलपासून त्याच्या खोलीपर्यंत लांब वायर टाकायचं ठरवलं.

"मुळीच नाही," हेमाबाई म्हणाल्या. "पायात अडकून पडाल. आधीच गुडघे कुरकुरतात तुमचे."

राहता राहिलं स्वयंपाकघर. सुश्रुतने ओट्याशेजारच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि महिनाभर तिथेच काम केलं. नेट झकास होतं. "आई, फोडणी थांबव, मला बोलायचंय," तो म्हणायचा, आणि हेमाबाई मोहरी मुठीत धरून थांबायच्या. मीटिंग लांबली की तो ऐकता ऐकता मटार सोलायचा. थालीपीठ तव्यावरून थेट त्याच्या ताटात पडत होतं. मधुकररावांना मात्र आत कुठेतरी सलत होतं. पोराच्या खोलीत त्यांना एक वायर देता आली नाही. त्यासाठी तर घर फोडलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी फ्रेम लावायची आठवण झाली. मधुकररावांनी सुश्रुतच्या खोलीतली भिंत निवडली, खिळा टेकवला आणि हातोडी उचलली.

"अहो, तिथे नको, आत डबी आहे," हेमाबाई दारातून म्हणाल्या.

मधुकररावांची हातोडी तशीच वर राहिली.

"तुला काय माहीत?"

"फोटो काढताना पाठीत रुतत होती. उजव्या खांद्याच्या खाली."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? तीन भोकं पाडली आम्ही."

हेमाबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. कानाला हेडफोन लावून सुश्रुत इंग्रजीत कोणाला तरी बजावत होता आणि एका हाताने कढईतला शिरा हलवत होता.

"खोलीत नेट असतं तर दार लावून बसला असता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "महिना कधी सरला कळलंसुद्धा नसतं."

मधुकररावांनी खिळा वीतभर वर धरला, अलगद ठोकला आणि फ्रेम अशी टांगली की ती जागा बरोब्बर झाकली जावी.

ठोकाठोकी ऐकून सुश्रुत आला. "काय बाबा, सापडला का पॉइंट?"

"नाही रे," उभा जन्म वायरींत घालवलेले मधुकरराव म्हणाले. "पुढच्या वेळी येशील तेव्हा बघू."

"मग परत स्वयंपाकघरातच बसायचं म्हणा."

हेमाबाई शिरा बघायला गेल्या होत्या. भिंतीवरच्या हेमाबाई तेवढ्या पॉइंटसमोर उभ्या राहून हसत होत्या.