एकही विंचू निसटलेला नाही

अचूक लिहिलं की गैरसमज होत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. आजही आहे! गेल्या आठवड्यात जे झालं त्यात माझी चूक नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

मी संग्रहालयात विंचवांचा विभाग सांभाळते. अंधारात विंचवांवर अतिनील प्रकाश टाकला की ते हिरवे चमकतात. तेच आमचं प्रदर्शन. पहिल्या दिवशी बघायला दोघंच आले: माझा नवरा, आणि बाहेर ऊन फार म्हणून आत शिरलेला पोस्टमन.

संचालकांनी बोलावून घेतलं. "बाई, रविवारपर्यंत गर्दी झाली नाही तर त्या दालनात कँटीन."

"आणि माझे विंचू?"

"तळघरात. विभाग बंद."

"जाहिरात मीच लिहिते," मी म्हटलं.

नवरा म्हणाला, "जरा मीठमसाला लाव." मी सत्य लिहिलं! 'अंधारात चमकणारे जिवंत विंचू पाहायला सहकुटुंब, निर्धास्त या. आतापर्यंत एकही विंचू निसटल्याची नोंद नाही.'

वाचून नवरा थबकला. "शेवटचं वाक्य काढ."

"का? खरं आहे ते."

"म्हणून तर काढ!"

नाही काढलं. सकाळी जाहिरात आली आणि लगेच वार्ताहराचा फोन.

"बाई, किती निसटले?"

"एकही नाही."

"नक्की?"

आता 'नक्की' हा शब्द मी उठसूट वापरत नाही. "तशी नोंद नाही. शक्यता नगण्य आहे."

"म्हणजे आहे!"

"अहो, शून्य कशालाच म्हणता येत नाही. उद्या सूर्य उगवणार की..."

"सूर्य राहू द्या. विंचू मोजलेत का?"

"मोजले ना. कालच्यापेक्षा जास्त भरले."

"जास्त?"

"एक बाळंत झालीये. पिल्लं आईच्या पाठीवर एकमेकांवर चढून बसतात हो, मोजू कशी?"

"थोडक्यात, हिशेब लागत नाही," म्हणत त्यानं फोन ठेवला.

दुपारी फाटकात अग्निशामक दलाची गाडी! तिच्यामागे वार्ताहर, त्यांच्यामागे गावभरची कुटुंबं. पोरं बापांच्या खांद्यावर, बापांच्या विजारी मोज्यांत खोचलेल्या. एका मावशींनी विंचवावर उपडं घालायला पातेलं आणलं होतं.

"बाई, पाणी मारू का?" जवानानं अदबीनं विचारलं.

मी पायरीवर उभी राहून आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "काहीही निसटलेलं नाही!"

"बघा, लपवतायत!" मावशी म्हणाल्या आणि पातेलं सरसावून आत घुसल्या. मागून सगळी गर्दी.

संचालक घामाघूम होऊन माझ्या कानाशी आले. "तिकिटं संपत आली हो! एवढंच म्हणा, एक निसटला होता आणि सापडला. दालन तुमचं!"

"खोटं बोलू? माझ्या विंचवांची बदनामी करू? खुशाल कँटीन काढा, पण हे मी म्हणणार नाही!"

तणतणत मी आत गेले. विंचवांना खाणं द्यायचा लांब चिमटा हातात होता. तेवढ्यात पेनाचं टोपण टेबलाखाली घरंगळलं. मी वाकले आणि लख्खकन कॅमेरा चमकला.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच पानावर मी, टेबलाखाली, चिमट्यासकट. वर मथळा: 'जिवावर उदार होऊन बाईंनी विंचू पकडला!' सासूबाईंनी ते कात्रण फ्रिजवर लावलं.

"आई, मी टोपण शोधत होते."

"असू दे गं. किती लाजतेस!"

मी तडक वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले आणि संपादकांच्या टेबलावर मूठ आपटली. म्हणजे, ठेवली. "खुलासा छापा. मी कोणताही विंचू पकडलेला नाही!"

"असंच छापू?" त्यांचे डोळे चमकले. विंचवासारखेच.

"शब्दाला शब्द!"

रविवारी ठळक चौकटीत आलं: 'विंचू पकडल्याचे आमचे वृत्त चुकीचे होते. कोणताही विंचू पकडण्यात आलेला नाही, असे संग्रहालयाने ठामपणे कळवले आहे.'

रांग चौक ओलांडून पुढे गेली, झाडून सगळे गमबुटात! कँटीन रद्द झालं, दालन वाचलं.

मी मात्र हार मानलेली नाही. आणखी अचूक, आणखी सविस्तर असा नवा खुलासा लिहिला आहे. संचालकांना तो इतका आवडला की त्यांनी तो तिजोरीत ठेवून किल्ली घरी नेली.