मधुर संवादाची घंटी

चौथीच्या वर्गातला सोन्या चावत असे. ही बाब वर्गाला माहीत होती, शिपायाला माहीत होती. खिडकीत येऊन बसणारं मांजरही हल्ली पाचवीच्या खिडकीत बसत होतं. सोन्याच्या आईवडिलांना तेवढी ती कळवायची राहिली होती आणि ते काम चौथीच्या बाईंचं होतं. पहिल्या बाकावरच्या चिमुरडीचा दंड त्याने परवा असा काही धरला, की शाळेचं नाव काढलं तरी ती पलंगाखाली जाऊन बसते, असं तिची आजी सांगून गेली होती. बाईंच्या मनाला ते फार लागलं. आज काहीही होवो, स्पष्ट बोलायचं, असं ठरवून त्या पालकभेटीला बसल्या.

अडचण एवढीच होती, की शाळेत यंदापासून मधुर संवादाचं धोरण लागू झालं होतं. मन दुखावलेले पालक शाळा बदलतात, ही गोष्ट संचालक मंडळाच्या सखोल चिंतनाअंती ध्यानात आली होती. त्यामुळे पालकभेटीत शिक्षकाशेजारी पर्यवेक्षिका बसत आणि त्यांच्यापुढे टेबलावर एक घंटी असे. पाल्याविषयी उणा शब्द निघाला की घंटी वाजे. फार वाजली, तर शिक्षकाची रवानगी सुधारणा वर्गात होई. चित्रकलेचे सर तिथे जाऊन आले होते. तेव्हापासून ते नळाला पाणी नसलं तरी "फारच छान" म्हणत.

"सोन्या जरा..." बाईंनी सुरुवात केली.

टिंग.

"'जरा'च्या पुढे कधी चांगलं येत नाही, बाई," पर्यवेक्षिका गोड हसून म्हणाल्या.

बाईंनी शब्द बदलले. "सोन्या मुलांच्या अगदी जवळ जातो."

"प्रेमळच आहे हो तो," सोन्याची आई म्हणाली.

"आणि दातांचा... मनापासून वापर करतो."

"ऐकलंत?" आईने सोन्याच्या वडिलांना कोपर मारलं. "तरी मी म्हणत होते, त्याचं दूध बंद करू नका!"

"पण त्यामुळे ती पहिल्या बाकावरची मुलगी..."

टिंग.

बाईंनी घंटीकडे पाहिलं. मग त्यांना एकदम सुचलं, की बंदी बोलण्यावर आहे, दाखवण्यावर नाही. त्यांनी मुकाट्याने बाही वर सरकवली आणि हात टेबलावर ठेवला. पर्यवेक्षिकांचं बोट घंटीवर अधांतरी राहिलं. नियमांत बाहीचा उल्लेख नव्हता. वडिलांनी चष्मा लावला आणि बाईंच्या हातावरच्या दातांच्या खुणा निरखून पाहिल्या.

"आमच्या सोन्याच्या?"

बाईंनी मोठ्या आशेने मान हलवली.

"काय सरळ ओळ आहे हो!" वडिलांना गहिवरून आलं. "आमच्या घराण्यात सगळ्यांचे दात वेडेवाकडे. एवढा गुणी मुलगा, आणि वर्गात त्याच्यावर काहीच जबाबदारी नाही?"

पालकांची सूचना म्हटल्यावर मुख्याध्यापिकांनी त्याच दुपारी सोन्याला मॉनिटर केलं.

आता चावण्याला शिस्त आली. बडबड करणाऱ्याला दंडावर, गृहपाठ विसरणाऱ्याला मनगटावर. आया तावातावाने शाळेत आल्या, तेव्हा त्यांना घंटीच्या साक्षीने सांगण्यात आलं, की आपल्या पाल्याची मॉनिटरने विशेष दखल घेतलेली आहे. आया हरखून गेल्या. पालकांच्या ग्रुपवर दंडांचे फोटो झळकले आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात वेगळ्याच आयांची रांग लागली.

"आमच्या बबडीत काय कमी आहे?" एकजण तणतणत होती. "अजून एकदाही नाही म्हणजे काय? शिकवणी लावू का तिला?"

चिमुरडीची आजी तेवढी फोटो बघून म्हणाली, "अहो, हे चावे आहेत!" तिला सुधारणा वर्गाचं आमंत्रण गेलं. चिमुरडीच्या आईने मात्र लेकीला पलंगाखालून ओढून काढलं. "वेडाबाई, सगळ्यांच्या आधी तुझी दखल घेतली होती त्याने!" असं म्हणत तिला पुन्हा पहिल्या बाकावर आणून बसवलं. पोरीने बाईंकडे एकदा पाहिलं. बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली.

त्या दिवशी घरी येऊन त्या ढसाढसा रडल्या. नाही म्हणायला एक समाधान होतं. त्यांचा स्वतःचा मुलगा दुसऱ्या शाळेत होता आणि त्याचं उत्तम चाललं होतं. "तुमचा मुलगा दुसऱ्यांच्या वस्तूंनाही आपलं मानतो," असं त्याच्या बाई गेल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. ते ऐकून चौथीच्या बाईंनी बहिणीला आणि जावेला फोन केले होते. बोलताना त्या बाई सारख्या टेबलाकडे का बघत होत्या, एवढं मात्र त्यांना कळलं नव्हतं.

डोळे पुसून त्यांनी मुलाचं दप्तर उचललं. ते भलतंच जड लागलं. चेन उघडली, तर आत कुणाकुणाच्या कंपासपेट्या, कुणाचा तरी चष्मा, परक्या नावांचे दोन डबे. सगळ्यांत खाली हाताला काहीतरी गार लागलं.

टिंग.

तेवढ्यात दारातून शेजारीण डोकावली. "काय, लेक काय म्हणतोय? शाळा कशी चालली आहे त्याची?"

बाईंनी दप्तराची चेन हळूच लावली.

"फारच छान," त्या म्हणाल्या.

तुमच्याही मुलाबद्दल शाळेतून चांगलंच ऐकायला मिळत असेल. अभिनंदन. बाई ते सांगत होत्या तेव्हा टेबलावर काय होतं, तेवढं फक्त आठवून बघा.