दोन गुंड्यांचा जासूद

॥ श्रीनिरोपदेवता प्रसन्न. पोहोचल्या निरोपास नमन, न पोहोचल्या निरोपास दुणे नमन ॥

शके सोळाशे सत्त्याऐंशी, पार्थिवनाम संवत्सरे, ऐसे जाहले जे, गनीम गडास वेढा घालोन बसला आणि दरबारास सांगोन पाठविले की, "गड देता की नाही? सूर्यास्तापूर्वी जाब द्यावा. जाब न आलिया होय समजू." मग राजश्रींनी हुकूम केला की वर गडावर किल्लेदारास पुसावे, आणि पुसावे कैसे याजवर दरबारातच रण माजले. फडणीस अंतोबा बोलिले, "लखोटा धाडावा. तांबडा मथळा, कामाचा शब्द ठळक, बाकी बारीक." त्यास चिटणीस निळोपंत बोलिले, "मागील लखोटा ऐसाच नटविला. किल्लेदारांनी हळदकुंकू वाहोन देव्हाऱ्यात ठेविला. जाब कोठे आहे?" मग पंतांनी हैबती जासुदाचे छातीवर दोन गुंड्या बसविल्या, उजवी होय, डावी नाही, दाबिली गुंडी आत बसावी ती वर न यावी, आणि जासुदाने अक्षर बोलो नये, बोलिल्यास यंत्र बाटते. हैबती म्हणाला, "पंत, शिंक आली तर?" पंत म्हणाले, "ते पुढील आवृत्तीत पाहू."

हैबतीची बायको-लेकरे गडावरच होती, म्हणोन तो चोरवाटेने धावतच वर गेला. किल्लेदार भिवराव यांनी "हैबत्या, जिवंत आहेस रे!" म्हणोन उराउरी भेट घेतली आणि दोन्ही गुंड्या एकदम आत बसल्या. मग भिवराव गर्जले, "प्राण गेला तरी गड देत नाही म्हणावे!" हैबतीने व्याकूळ होवोन छातीकडे बोट दाखविले. भिवरावांस वाटले, गडी गहिवरला. पुन्हा भेटले.

हैबती परतला तों सूर्य डोंगरास टेकला होता आणि गनिमाचा वकील दारी तपकीर ओढीत बसला होता. पंतांनी गुंड्या पाहिल्या आणि म्हणाले, "होय. आणि नाही." अंतोबा म्हणाले, "म्हणजे अर्धा गड द्यावा काय?" हैबतीने तोंड उघडिले तों पंत ओरडले, "हां! बाटेल!" मग वकील उठला, डबी कमरेस लाविली आणि म्हणाला, "तर होयच समजतो."

तेव्हा हैबतीने उजवी गुंडी उपटिली, तोंडात टाकिली आणि गिळली. छातीवर डावी एकच राहिली. पंतांनी ती वाचोन मोठ्याने सांगितले, "नाही!" वकील गेला, आणि गनीमही पुढे कंटाळोन गेला.

सारांश, गड राहिला, हैबतीची माणसे राहिली. दरबारी ठरले की निरोप लखोट्यानेच धाडावा, ठळक अक्षरी, आणि वरती "पूजा करू नये" ऐसे लिहावे. गुंडी सरकारी होती. ती यथावकाश, धुवोन, जामदारखान्यात जमा जाहली.