अर्धी जुडी

दुसऱ्याच्या पिशवीत बेधडक हात घालून, आतली मेथी बाहेर काढून, तिचा वास घेऊन ती परत ठेवणारा माणूस अख्ख्या मंगळवार पेठेत एकच. आमचे शेजारी आप्पा. पिशवीत मटण निघालं, तर पिशवीवाल्याच्या घरी दुखवट्याला आल्यासारखा चेहरा करतात.

जन्म फाउंड्रीत गेल्यामुळं आप्पांचं शरीरशास्त्र भट्टीवर चालतं. "मास्तर, मेटाबॉलिझम म्हंजे काय? पोटातली भट्टी. तुम्ही नुसता माल कोंबताय. पाला टाका की! पाल्यात धागा असतोय. साखर रगतात पळाया लागली की त्यो तिचा पाय वडतोय." पांढऱ्या रश्श्यावर जीव टाकणाऱ्या या गावात चाकवतावर भाषण द्यायला छाती लागते. ती आप्पांकडं आहे. माझ्याकडं पोट आहे.

माझी साखर वाढली आणि मी आयता सापडलो. रोज सकाळी आमच्या फाटकाला अर्धी जुडी लटकू लागली. आज मेथी, उद्या पोकळा, परवा आंबाडी. दुपारी एकला कुंपणापलीकडनं हाक यायची, "झाली का भाजी, मास्तर?"

"झाली की!"

"बसा मग. मीबी बसतो."

आता खरं सांगतो. भाजी झालेली नसायची. बायकोनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "निवडून द्या, करते." जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, पण मेथीची पानं खुडायचा धीर माझ्यात नाही. सकाळी म्हशी उभ्या असतात त्या दूध कट्ट्यावर जायचोच. तिथं समोर काढलेल्या धारेचा पेला तोंडाला लावायचा आणि जुडी म्हशीपुढं टाकायची. म्हैस चकाकायला लागली. माझा पट्टा एक भोक पुढं सरकला.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. साखर आणखी वर! आप्पांनी कागद दोनदा वाचला आणि मटकन पायरीवर बसले.

"आमच्या हिनं जलमभर सांगितलं, पाला खावा. मी ताट सरकवायचो. ती गेल्यावर खाया लागलो." आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "म्हंजे तीबी चुकलीच व्हय?"

मला राहवेना. म्हशीचं सगळं सांगून टाकलं आणि पेठ गोळा होईल अशा शिव्या ऐकायच्या तयारीत मान खाली घातली.

आप्पा खो खो हसले. "मग म्हशीचा रिपोर्ट काढायचा की, मर्दा!" हसता हसता डोळे पुसले. मग पुसतच राहिले. "एकट्याला जुडी सरत न्हाय, मास्तर. म्हणून निम्मी तुमच्यात. वाटायचं, दोन घरात एकच भाजी हाय, एकाच टायमाला बसलोय." त्यांनी कागदाची घडी घातली. "तीन महिनं मी एकटाच जेवत हुतो म्हणा की."

दुसऱ्या दिवशी फाटक रिकामं होतं. मी मंडईतनं मेथीची अख्खी जुडी आणली. दोन तास निवडत बसलो. एक वाजता पातेलं घेऊन आप्पांच्या दारात उभा राहिलो.

"झाली का भाजी, आप्पा?"

आप्पांनी झाकण काढलं, वास घेतला, बोटभर लांबीचा एक देठ बाहेर ओढला.

"निवडाया येत न्हाय तुम्हास्नी," म्हणाले, आणि भिंतीला टेकवून ठेवलेला दुसरा पाट पुसायला लागले.