शेटवरचा आळ

शालूताई परब दार उघडण्याआधी माणूस हुंगतात. बेल वाजली की "कोण?" असं विचारत नाहीत. जाळीच्या दाराशी येतात, नाक जरासं वर करतात आणि निकाल देतात.

"सावंतानू, आज वांगी खाल्लात. डॉक्टरान नको म्हणून सांगितल्यानी ना?"

आणि आपण जिना चढून अजून धापाच टाकत असतो.

कांदिवलीतली आमची बैठी घरं पाडून इमारत उभी राहिली, तेव्हापासून त्या तिसऱ्या मजल्यावर आणि मी चौथ्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या. "आयुष्यभर कानान काम केलंय, आता नाक वापरतंय," असं स्वतःच सांगतात. नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नाही. घरात त्या आणि भोपळ्याच्या रंगाचा एक बोका. तो दुकानदारासारखा मांडी पसरून बसायचा, म्हणून त्याचं नाव शेट.

या शेटवर आमच्या इमारतीत एक आळ आला आणि तो खोटा होता. हे तिघांना ठाऊक होतं. शेट बोलू शकत नव्हता, शालूताई बोलणार नव्हत्या. राहिलो मी. आता ऐंशीच्या घरात आलोय, तेव्हा लिहून टाकतो.

आधी त्या नाकाविषयी. आमच्याकडे भटकी मांजरं पुष्कळ. कुणाच्या गादीवर, कुणाच्या बुटात, कुणाच्या वाळत टाकलेल्या सदऱ्यावर त्यांचा कार्यक्रम व्हायचा आणि मग शालूताईंना बोलावणं जायचं. त्या कापडी पिशवी घेऊन येत. पिशवीत पांढरं व्हिनेगर, खायचा सोडा, जुन्या बनियनचे तुकडे आणि एक निळ्या उजेडाची बॅटरी. भर दुपारी पडदे ओढून घ्यायच्या आणि बॅटरी फिरवायच्या. घरच्यांना कधी न दिसलेले डाग सतरंजीवर पिवळट चमकायला लागत. घरातली माणसं तारांगण बघावं तशी गप्प उभी राहत. मीही राहिलोय.

त्यांचे नियम कडक. ओलं असेल तर नुसतं टिपायचं, घासायचं नाही. पाणी गारच. "गरम पाणी घालशात तर वास घरजावय होऊन बसतलो!" मग पाणी घातलेलं व्हिनेगर, ते वाळलं की सोडा, आणि शेवटी ऊन. फिनाईलचं नाव काढलं की भडकायच्या. "फिनाईल ओतलास? वाट लावलास! मांजराक वाटता दुसरो कोणतरी येवन सही करून गेलो. मग ता आपली सही वर करता."

आमचे सेक्रेटरी दळवी. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी सकाळीच एक मांजरी उघड्या कपाटात शिरून पैठणीवर बसली. घरात रडारड. शालूताईंनी आधी पदराच्या आतल्या कोपऱ्यावर थेंबभर औषध लावून रंग जातो का पाहिलं, मग मुठीएवढ्या डागावर तासभर ओणव्या राहिल्या. मुलगी तीच पैठणी नेसून बोहल्यावर चढली. मी पहिल्या रांगेत होतो. मला अत्तराशिवाय कसलाही वास आला नाही. शालूताई मात्र मागच्या रांगेत नाक उंच करून बसल्या होत्या, अक्षता संपेपर्यंत.

"वास खोटो बोलना नाय," हे त्यांचं लाडकं वाक्य. आणि त्याहून लाडकं म्हणजे, "माझो शेट घमेल्याबाहेर थेंब सांडूचो नाय." बाथरूमच्या कोपऱ्यात शेटचं वाळूचं घमेलं असे. वाळू रोज चाळलेली. पाहुण्याला पाणी देण्याआधी त्या ते घमेलं दाखवत.

खालच्या लॉबीत सोसायटीनं कापडी गाद्यांचा एक सोफा ठेवला होता. संध्याकाळी आम्ही म्हातारे तिथे बसायचो. भिंतीकडचा कोपरा माझा. काही दिवसांनी त्या सोफ्याला वास यायला लागला. आधी हलका, मग असा की पाहुणे उभेच राहू लागले. वॉचमननं दोनदा फिनाईल मारलं. वास वाढला.

इमारतीत पाळीव मांजर एकच. दळवींनी लॉबीतच मीटिंग बोलावली.

"ताई, राग मानू नका," दळवी म्हणाले, "पण लोक बोंबलतायत. सोफ्यावर बोका जात असेल, तर बोका इमारतीत राहणार नाही. सिंपल."

"आणि नसात जात तर?"

"तर तुम्हीच हुंगून सांगा ना. तुमच्या नाकावर माझ्या पोरीचं लग्न लागलंय. तुम्ही म्हणाल ते फायनल."

लोक हसले. मी हसलो नाही. कारण तो वास माझा होता.

वयामुळे मला लघवी धरवत नव्हती. उठेपर्यंत थोडी सुटायची. मुलाला, सुनेला सांगितलं नव्हतं. पँटी गुपचूप बादलीत बुडवायचो, वरून पावडर मारायचो. सांगितलं तर खाली बसणं बंद होईल आणि चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत माझं उरलेलं आयुष्य जाईल, ही भीती. शेटचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, तो दारापलीकडे पाऊल टाकत नसे. हे सगळं बोलायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं.

शालूताई सोफ्याशी गेल्या. मधली गादी हुंगली. मग भिंतीकडची. माझीच. तिथे वाकलेल्याच राहिल्या. पैठणीवर बसलेली मांजरी काळी की पांढरी हेसुद्धा त्या नाकानं ओळखलं असतं, अशी माझी खात्री होती. मी भिंतीला पाठ लावून उभा, खाली बघत. त्या सरळ झाल्या. क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग दळवींकडे.

"शेटचोच आसा," म्हणाल्या.

घमेल्याची ती सगळी शान, वास खोटो बोलना नाय म्हणणारं ते नाक, त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या पायाशी ठेवलं. आणि मी ते ठेवू दिलं.

त्यांच्या धाकट्या बहिणीनं खाडीपलीकडच्या मनोरीच्या कोळ्यांत लग्न केलंय. त्याच आठवड्यात शेट पिशवीत बसून मार्व्याच्या जेट्टीवरून मनोरीला गेला.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगा-सून ऑफिसला गेल्यावर माझी बेल वाजली. दारात शालूताई, हातात बादली.

"पँटी द्या."

"कसल्या पँटी?"

"सावंतानू, नाटकां नकोत. पावडर मारून वास जाता काय? उद्या पोरगो हुंगीत तेव्हा काय सांगशात?"

मी दिल्या. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. गार पाणी, व्हिनेगर, सोडा, ऊन, सगळं त्यांनी मला हाताला धरून शिकवलं. वर डॉक्टरकडे पाठवलं. "शेटाक मी नेलंय डॉक्टराकडे. तेचा तर ऑपरेशनच केल्यानी. तो लाजलो नाय, तुम्ही कित्या लाजतास?" औषधांनी मला पुष्कळ आराम पडला. मी खाली बसतच राहिलो. सोसायटीनं सोफ्याला रेक्झिन घातलं. सगळे म्हणाले, बोका गेला आणि वास गेला.

शेटचं नाव त्यांनी माझ्यापुढे पुन्हा काढलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं तर पुढचंही बोलावं लागलं असतं.

गेल्या महिन्यात काही कारणानं त्यांच्याकडे गेलो आणि हात धुवायला बाथरूममध्ये शिरलो. कोपऱ्यात घमेलं होतं. आत ताजी चाळलेली वाळू, हातानं सारखी केलेली. तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

"रोज चाळतंय," त्या बाहेरून म्हणाल्या. "सवय."

मी हात न धुताच खाली दळवींकडे गेलो आणि सांगून टाकलं. दळवींनी चष्मा काढून पुसला. "काका, आधी बोलायचं ना यार," एवढंच म्हणाले. रात्री मुलालाही सांगितलं.

शेटला आणायला शालूताई आणि मी गेलो. मनोरीच्या मासळीवर तो दुप्पट झाला होता. बहिणीच्या अंगणात जाळ्यावर पडलेला. हाक मारल्यावर त्यानं एक डोळा उघडला. शालूताई मटकन खाली बसल्या. तो उठला, आळस दिला आणि त्यांच्या गालाला नाक लावून हुंगू लागला. बराच वेळ हुंगत होता. त्यांचा पदर तोंडावर होता, म्हणून मी समुद्राकडे बघत राहिलो.

परतीच्या बोटीत पिशवी मी मांडीवर घेतली. इंजिन सुरू झालं आणि शेट घाबरला. पिशवीतून, माझ्या पँटीतून, गुडघ्यापर्यंत सगळं गरम झालं.

तसाच रिक्षात बसलो, तसाच लॉबीत शिरलो. म्हातारे सोफ्यावर होते, दळवीही होते. वास पसरला. सगळ्यांची नाकं वर झाली, नजरा माझ्या पँटीवर गेल्या आणि घाईघाईनं छताकडे वळल्या. मी थांबलो. लपावंसं वाटलं नाही.

शालूताई माझ्यासमोर वाकल्या, लांब श्वास घेतला आणि सरळ होऊन सगळ्या लॉबीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"ह्यो मात्र शेटचोच आसा."