चष्मेवाल्यांचं एक वाक्य

दुकानात काचा घासता घासता कानात इटालियन भाषेचे धडे ऐकायचे, हा चष्मेवाल्यांचा नवा उद्योग त्यांच्या बायकोला मुळीच पसंत नव्हता. पण मुलीने इटालियन मुलगा पसंत केला होता, लग्नानंतर ती तिकडेच जाणार होती आणि व्याही-विहीण रविवारी जेवायला येणार होते.

"बाबा, मी आहे ना सांगायला," मुलगी म्हणाली.

"काही गोष्टी बापानेच सांगायच्या असतात."

खरं तर सांगायचं एकच होतं. मुलगी सकाळी उठली की तासभर कोणाशी बोलत नाही. तो राग नसतो, तेवढं सांभाळून घ्या. परक्या घरात पहिल्याच सकाळी पोरीबद्दल गैरसमज होईल, या काळजीने त्यांची झोप उडाली होती. मोबाइलच्या मदतीने त्यांनी ते वाक्य तयार केलं आणि धड्यांच्या शेवटी जोडून पाठ केलं. अडचण एवढीच, की धडे पर्यटकांसाठी होते आणि चष्मेवाल्यांनी ते पाढ्यांसारखे घोकले होते. शेवटचं वाक्य हवं तर पहिल्यापासून म्हणत यावं लागे. मध्ये कोणी टोकलं की गाडी पुन्हा पहिल्या वाक्यावर.

रविवारी पाहुणे येऊन बसले. मुलगी आणि होणारे जावई आइस्क्रीम आणायला खाली उतरले. चष्मेवाल्यांनी संधी साधली. घसा खाकरून ते उभे राहिले.

"नमस्कार. मी इथे नवीन आहे. माझी सूटकेस हरवली आहे," त्यांनी खणखणीत इटालियनमध्ये सांगितलं.

व्याही ताडकन उठले आणि सोफ्याखाली वाकून बघू लागले. विहीणबाईंनी काहीतरी विचारलं. चष्मेवाले गडबडले.

"नमस्कार. मी इथे नवीन आहे."

स्वतःच्या घरात उभा राहून हा माणूस आपण नवीन असल्याचं दुसऱ्यांदा सांगतो आहे, हे ऐकून विहीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

या खेपेला चष्मेवाले सूटकेस आणि पोलीस स्टेशन ओलांडून "माझ्या पोटात फार दुखतंय" इथवर पोहोचले. धड्यातला माणूस हे वाक्य कण्हत म्हणायचा, म्हणून तेही कण्हले. विहीणबाईंनी त्यांना धरून सोफ्यावर आडवं केलं.

"दोत्तोरे! दोत्तोरे!" व्याही दाराकडे हात करून ओरडले.

"अहो, काय सांगितलंत तुम्ही यांना?" बायकोने विचारलं.

"मध्ये बोलू नकोस! आता परत पहिल्यापासून आलं."

तोवर वरच्या मजल्यावरचे डॉक्टर आरडाओरडा ऐकून आलेच. ते दातांचे होते.

"आ करा."

"डॉक्टर, माझं काहीही दुखत नाहीये."

"दुखेल. ही दाढ किडली आहे."

डॉक्टर हात धुवायला गेले आणि चष्मेवाल्यांनी डोळे मिटून, एका दमात, नमस्कारापासून सुरुवात केली. मुलगी आणि जावई दारात आले तेव्हा ते शेवटच्या वाक्यावर होते. ते मात्र धड्यातलं नव्हतं. आवाज कापत होता. वाक्य संपलं. विहीणबाईंनी डोळे पुसले. मग व्याही, विहीणबाई आणि जावई अशा तिघांची आपसांत बराच वेळ कुजबुज झाली.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "त्यांना वाटतंय तुम्हाला घरसुद्धा ओळखू येत नाही. त्यात पोटाचं दुखणं, वर मला सांभाळून घ्या म्हणालात. अशा आजारी माणसाची मुलगी इतक्या लांब न्यायची म्हणजे पाप, असं म्हणतायत. आम्ही दोघांनी इथेच राहावं म्हणे. आणि हाही तयार आहे." "सांगू ना त्यांना, की तुम्ही ठणठणीत आहात?"

चष्मेवाल्यांनी पडल्या पडल्या बायकोकडे पाहिलं.

"ठणठणीत कुठले?" बायको म्हणाली. "मागच्या थंडीत दोनदा शिंकले होते."

मुलीने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने शिंकांचं इटालियन केलं.